सोनटक्क्याचं बेट फोडलं, मग फुलं आली

सोनटक्का लावलाय, पानं भरपूर येतात पण फूल काही धरत नाही, हे इतक्या जणांकडून ऐकलंय की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं, कारण आमच्याकडे अगदी हेच होतं आणि आता श्रावण लागला की संध्याकाळी परसात पाऊल टाकलं तरी वास येतो. आमचं घर गुहागरला. मागे माडा-पोफळींची वाडी, वाडीच्या मागे सुरूची झाडं आणि त्यांच्या पलीकडे समुद्र, म्हणजे जमीन पुळणीची, वाळूची, पाणी ओतलं की झिरपून जाणारी, आणि वारा खारा. हे आधीच सांगतेय कारण ज्यांचं घर वर सड्यावर, कातळाच्या पठारावर आहे किंवा चिपळूणकडे भाताच्या जमिनीशेजारी आहे त्यांची माती वेगळी, त्यांनी पाण्याचं आपापल्या जागेप्रमाणे बघायचं, बाकी झाडाचा स्वभाव सगळीकडे तोच.

आमचं सोनटक्क्याचं बेट, म्हणजे एका गड्ड्यापासून पसरलेला झुपका, सासूबाईंनी लावलेलं. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेराहून, आंजर्ल्याहून, गड्डा घेऊन आल्या आणि न्हाणीच्या मागे पुरला, जिथून आंघोळीचं पाणी पाटाने माडांना जायचं. पूर्वी सगळ्यांकडे असंच असायचं ना, न्हाणीच्या पाण्यावर अळू, कर्दळ, केळ आणि सोनटक्का, वेगळं शिपायला लागायचंच नाही. श्रावणात सुरू झालेली फुलं दिवाळीपर्यंत पुरायची, गणपतीत तर आजूबाजूच्या मुली तिन्हीसांजेच्या आधी कळ्या मागायला यायच्या असं त्या अजून सांगतात. मग घर दुरुस्त झालं, न्हाणी गेली, आत टाईल्सचं बाथरूम झालं, पाणी पाईपमधून शोषखड्ड्यात जायला लागलं. आणि त्याच सुमाराला बाजूचा फणस असा काही फोफावला की बेटावर सकाळचं ऊन सुद्धा पडेना. बेट मेलं नाही हां, उलट पसरतच गेलं, डोक्याच्या वर जाणाऱ्या हिरव्यागार काठ्या, पण त्यात तुरा शोधावा लागायचा.

सासूबाई म्हणायला लागल्या, "अगं म्हातारं झालं ते, काढून टाका आणि दुसरं आणा कुठूनतरी." शेजारच्या काकूंचं म्हणणं वेगळंच, "नर असेल गो तो, नराला फूल येत नाही." तर आधी हेच सांगते की सोनटक्क्यात नर झाड आणि मादी झाड असं काही नसतं, पपईसारखा प्रकार नाही हा. एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, फुलाच्या मधून जो लांब दांडा बाहेर आलेला दिसतो ना तो पुंकेसर, आणि स्त्रीकेसराचा बारीक धागा त्याच्याच खाचेतून वर येतो, नखाने अलगद सोडवून बघितलं तर दिसतं. आणि म्हातारं झालं हेही अर्धवटच खरं, कारण म्हातारा होतो तो बेटाचा मधला भाग, सगळं बेट नाही.

हे मला कळलं ते नुसतं बघून. एका श्रावणात रोज बेटाभोवती फिरून बघायला लागले की जे थोडे तुरे येतायत ते नेमके येतात कुठे. सगळे बाहेरच्या कडेला, आणि त्यातही विहिरीच्या बाजूला जिथे फणसाची सावली सरून थोडंसं सकाळचं ऊन मिळत होतं तिथेच. मधल्या काठ्या बारीक, करंगळीएवढ्या, एकमेकींना खेटून नुसत्या उजेडासाठी वर वर गेलेल्या. कडेच्या काठ्या अंगठ्याहून जाड आणि त्यांच्याच टोकाला तुरा. म्हणजे झाडात फुलायची ताकद होती, फक्त बाकीच्या बेटाला जागा, ऊन आणि पाणी मिळत नव्हतं.

सोनटक्का हा आलं आणि हळदीच्या कुळातला, शास्त्रीय नाव हेडिकियम कोरोनेरियम. जमिनीत आडवा गड्डा चालत जातो, त्याच्या डोळ्यातून कोंब फुटतो, त्याची काठी होते आणि त्या काठीच्या अगदी टोकाला एकच तुरा येतो. केळीला जसा एकदाच घड येतो तसं या काठीचं आहे, एकदा फुलली की तिचं काम संपलं, ती परत कधी फुलत नाही. त्यामुळे यंदा फुलं किती येणार हे ठरतं यंदा किती नवीन जाड काठ्या उभ्या राहिल्या यावर. बाकी खत, फवारणी, टॉनिक वगैरे सगळं त्यानंतर. आणि नवीन जाड काठी फुटते ती गड्ड्याच्या पुढच्या, तरण्या टोकातून. जुना गड्डा मागे तसाच पडून राहतो, मातीत जागा अडवतो, आणि वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही की बेटाच्या मध्यात जुन्या गड्ड्यांचं एकावर एक असं जाळं होतं ज्यात नवीन कोंबाला तोंड बाहेर काढायला वाट नाही.

म्हणून ठरवलं की बेट फोडायचं. कधी, हा पहिला प्रश्न. आमच्याकडे याला सगळ्यात चांगला काळ म्हणजे मे महिन्याचा शेवट, रोहिणी नक्षत्र, आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं चाललेली असतात तेव्हाच. एकतर त्या वेळी गड्डा विसावलेला असतो, वरची पानं पिवळी पडून अर्धी सुकलेली असतात आणि डोळे नुकते फुगायला लागलेले असतात त्यामुळे कुठला जिवंत कुठला मेलेला ते लगेच कळतं. आणि मुख्य म्हणजे आठ-पंधरा दिवसांत मृगाचा पाऊस येतो, मग शिपायची काळजी नाही, मूळ आपोआप धरतं. काहीजण पाऊस चांगला लागल्यावर जुलैत उपटून लावतात, झाड मरत नाही त्याने, पण त्या वेळी काठी वाढीच्या भरात असते, ती मोडते किंवा मान टाकते आणि त्या वर्षीचं फूल गेलंच. दिवाळीनंतर फोडलं तरी चालतं पण मग सगळा हिवाळा-उन्हाळा पाणी घालायची तयारी हवी.

माझी भाची शिमल्याकडे असते, तिच्या बागेत आयरिस आहेत, त्याचाही असाच आडवा गड्डा, आणि तीही तीन-चार वर्षांनी बेट फोडते. तिच्याशी फोनवर बोलताना मजा आली कारण काम तेच आणि नियम उलटे. तिचा गड्डा मातीच्या वर अर्धा उघडा ठेवायचा, पाठीला ऊन लागलं पाहिजे, मातीत गाडला तर फुलत नाही आणि पाणी जास्त झालं तर कुजतो. फोडायचा तोही बहर संपल्यावर, आणि पानं पंख्यासारखी कातरून. शिवाय त्याला हिवाळ्यात चांगली थंडी लागते, ती आपल्याकडे कुठून आणणार, म्हणून ते दाढीवाले मोठे आयरिस कोकणात लावायच्या फंदात पडू नका असंच मी सांगेन. सोनटक्क्याला मात्र हीच दमट हवा हवी, तो मुळात पूर्व हिमालयाच्या उतारावरच्या, ओल्या जागी वाढणारा. गड्डा मातीखालीच हवा, पण वरच्यावर, खोल नाही, आणि ओल कायम.

खणायला आमच्याकडे वाडीत कामाला येतात ते दादा होते, त्यांनी आल्या आल्या टिकाव उचलून बेटाच्या मधोमध घालायला घेतला, त्यांना म्हटलं दादा थांबा, आधी कडेने. बेटापासून वीतभर लांब गोल चर खणायचा, मग पहार तिरकी खाली घालून सगळं बेट उचलायचं, म्हणजे कडेचे चांगले गड्डे तुटत नाहीत, आणि चांगला माल सगळा कडेलाच असतो. पुळणीची जमीन असल्याने उचलायला सोपं गेलं, कातळाच्या मातीत आदल्या दिवशी भरपूर पाणी घालून ठेवा नाहीतर पहार नुसती टणटण वाजते. काठ्या खणायच्या आधीच कापून घेतल्या, वीतभर ठेवून, कारण मुळं तुटल्यावर एवढ्या पानांना पाणी कोण पुरवणार.

उचललेलं बेट पाण्याच्या पाईपखाली धुतलं की सगळा हिशोब डोळ्यासमोर येतो. मधले जुने गड्डे काळपट, सुरकुतलेले, वर नुसती गोल वळी, दाबले तर पोकळ, एकही डोळा नाही. कडेचे गड्डे टणक, फिकट, मोडलं तर आल्यासारखा वास, आणि टोकाला गुलाबी झाक असलेले फुगीर डोळे. जुने सगळे बाजूला काढले, आणि त्यांचा ढीग खरंच मोठा होता, सासूबाई बघून म्हणाल्या "एवढं सगळं टाकणार तू?" त्यांचा जीव तुटत होता आणि मला ते समजत होतं, त्यांच्या माहेरचं होतं ते. पण त्याच बेटातले तरणे गड्डे राहणार होते, वाण तोच, म्हणून मग त्याच माझ्या शेजारी बसल्या आणि कोयतीने तुकडे करून द्यायला लागल्या, आणि डोळा न दुखवता कुठे कापायचं हे त्यांच्या हाताला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तुकडा फार लहान करू नका. एकच डोळा ठेवून बोटभर तुकडे लावले तर रोपं जास्त होतात पण फूल यायला वर्ष-दीड वर्ष जास्त लागतं. निदान दोन-तीन डोळे, पाच-सहा इंच लांबी आणि खाली थोडी जाड मुळं, असा तुकडा घ्यावा. कोयती आधी स्पिरिटने पुसून घ्यायची, आणि एखादा मऊ पडलेला, घाण वासाचा गड्डा कापला गेला तर परत पुसायची, कारण आल्यात जी गड्डा कुजायची कीड-रोगाची भानगड असते ती यालाही लागू शकते. कापलेल्या तोंडाला चुलीतली चाळलेली राख चोपडली आणि पडवीत सावलीला एक रात्र ठेवले. तोंड सुकलं की पुरे. चार-पाच दिवस उन्हात टाकून ठेवू नये, हा गड्डा सुकून सुरकुततो आणि मग डोळे झोपतात.

जागा. सगळ्यात जास्त विचार यावर करा, कारण एकदा लावलं की तीन-चार वर्षं तिथेच राहणार. सोनटक्का सावलीतलं झाड आहे असं आपण म्हणतो आणि म्हणून त्याला सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात ढकलतो. त्याला दुपारचं कडक ऊन सोसत नाही हे बरोबर, पानांचे शेंडे करपतात. पण सकाळचं तीन-चार तास ऊन मिळालं नाही तर तो नुसता पानं काढतो. मी मुद्दाम तीन ठिकाणी लावून बघितला. एक, विहिरीच्या पूर्वेला, जिथून शिपण्याचा पाट जातो. दुसरा पोफळींच्या खाली, जिथे दिवसभर ऊन-सावली हलत असते. तिसरा पार मागच्या गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ, समुद्राकडच्या अंगाला, कारण तिथे मोकळी जागा होती आणि संध्याकाळी आम्ही बसतो तिथे वास येईल अशी आशा. मूळ जागी, फणसाखाली, एकही ठेवला नाही.

खड्डा रुंद हवा, खोल नको. फूटभर खोल पुष्कळ झालं. त्यात जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत, पातेरा आणि दोन मुठी राख मातीत कालवली. पुळणीच्या जमिनीला शेणखत सढळ हाताने घालावंच लागतं नाहीतर ओल टिकत नाही. गड्डा आडवा ठेवायचा, डोळे वर किंवा बाजूला, आणि वर दोन-तीन इंच माती, बस. दोन तुकड्यांत दोन फूट अंतर, दिसायला फार मोकळं दिसतं आणि बघणारा प्रत्येकजण म्हणतो अजून मध्ये लावा की, पण लावू नका, दोन पावसाळ्यांत ते भरतं. लावताना तुकड्याचं तरणं टोक जिकडे मोकळी जागा आहे तिकडे करायचं, गड्डा त्याच दिशेने चालत जातो, हे मला सासूबाईंनी सांगितलं. वरून नारळाची सोडणं उलटी घालून त्यावर झावळ्यांचे तुकडे, म्हणजे पहिल्या धो धो पावसात माती वाहून गड्डा उघडा पडत नाही. सोडणं पाणी धरून ठेवतात, आपल्याकडे ती फुकट आहेत, विकतचं कोकोपीट कशाला.

मग पाऊस. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, त्यामुळे ओल आवडणारं झाड म्हणून पाण्यात बुडवून ठेवायचं असा अर्थ घेऊ नये. वाहतं पाणी त्याला चालतं, साचलेलं आणि सडलेलं नाही. पोफळींखालच्या आळ्यात आर्द्रात एकदा तीन-चार दिवस पाणी तुंबून राहिलं आणि तिथले काही तुकडे मऊ पडले, ओढले की कोंब हातात येतो आणि वास येतो. ते लगेच उपटून लांब टाकले, चर काढून पाणी पाटात सोडलं, आणि उरलेल्यांच्या मुळाशी एक टक्का बोर्डो मिश्रण ओतलं. सुपारीच्या कोळे रोगासाठी आपल्याकडे ते पावसाळ्यात बनवतातच, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, त्यातलंच बादलीभर घ्यायचं. पुढे कुजणं थांबलं. ज्यांची जमीन चिकट आहे त्यांनी गादीवाफाच करावा, वीतभर उंच.

पहिल्या वर्षी फुलांची फार आशा ठेवू नका. श्रावण गेला, गणपती गेले, विहिरीजवळ दोन-चार तुरे आले ते थेट नवरात्रात, बाकी नुसत्या काठ्या. काकू म्हणाल्या "बघ, मी म्हटलं नव्हतं?" पण मी काठ्या बघत होते, आणि त्या जाड होत चालल्या होत्या, पहिला कोंब बारीक, त्याच्या पुढचा त्याहून जाड. गड्डा आधी जमिनीत आपलं बस्तान बसवतो, मग वर खर्च करतो. या वर्षात न फुललेल्या काठ्या कापायच्या नाहीत, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. बरेचजण पावसाळा संपला की स्वच्छता म्हणून सगळं बेट सपाट करतात, हिरव्या काठ्या सुद्धा, आणि त्याच काठ्यांची पानं गड्ड्यात पुढच्या वर्षीचा साठा भरत असतात. फुलून झालेली काठी तेवढी बुंध्याशी कापायची, बाकीच्या आपणहून पिवळ्या पडेपर्यंत ठेवायच्या.

आणि आता जे सांगते ते माझ्या मते सगळ्यात मोठं कारण आहे कोकणात सोनटक्का न फुलण्याचं, ते म्हणजे ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात आपण त्याच्याकडे बघतो, पाऊस गेला की विसरतो. पूर्वी न्हाणीचं पाणी बारा महिने मिळायचं म्हणून कोणाला काही करावं लागायचं नाही, लोकांना वाटतं पूर्वीची जातच चांगली होती, जात तीच आहे, पाणी गेलं. पुळणीच्या जमिनीत जानेवारीपासून गड्डा सुकायला लागतो, मरत नाही पण आक्रसतो, आणि मग मृगाच्या पावसात त्याची निम्मी ताकद नुसतं परत भरून येण्यात जाते, जाड काठी उठायला उशीर होतो, काठी तयार होईपर्यंत पाऊस संपत आलेला असतो. मी माड शिपायच्या पाटाला एक फाटा काढून विहिरीजवळच्या बेटाकडे वळवला, आठवड्यातून दोनदा पाणी, उन्हाळ्यात वर सोडणांचा जाड थर. पोफळींना तर पाणी लागतंच त्यामुळे तिथले आपोआप भिजतात. ज्यांच्याकडे विहीर-पाट नाही त्यांनी तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी, ताकाचं भांडं विसळलेलं पाणी असं रोज ओतलं तरी एका बेटाला पुरतं. वॉशिंग मशीनचं पाणी मात्र नको, एवढी पावडर त्याला झेपत नाही.

दुसऱ्या वर्षी मेच्या शेवटी प्रत्येक बेटाला घमेलंभर शेणखत, थोडी करंजाची पेंड आणि राख, बस, परत जुलैत थोडी राख. युरिया नाही. आमच्या पलीकडच्या घरात एकांनी माझ्याकडचेच गड्डे नेऊन लावले आणि युरिया घातला, काय पानं आली, काळीभोर, पण काठ्या लुसलुशीत होऊन पहिल्या वाऱ्याला आडव्या झाल्या आणि तुरे माझ्यापेक्षा कमी. नत्र जास्त झालं की हे झाड पानांतच रमतं. राखेतलं पोटॅश त्याला फुलायला उपयोगी पडतं असा माझा अनुभव आहे.

जुलैत पानं गुंडाळलेली दिसायला लागली. उघडून बघितलं तर आत हिरवी अळी. ही ग्रास डेमन नावाच्या फुलपाखराची, हळद, आलं आणि सोनटक्का हेच तिचं खाणं, फुलपाखरू काळपट तपकिरी आणि मागच्या पंखावर मोठा पांढरा डाग. चार पानं खाल्ली म्हणून फूल जात नाही, मी फवारलं नाही, फार झाल्या तर गुंडाळी हाताने काढून लांब हळदीच्या जंगलात टाकते. गोगलगाई कोवळे कोंब खातात, त्या संध्याकाळी वेचाव्या लागतात. ज्यांच्या वाडीला गडगा नाही त्यांना साळिंदर आणि डुकरांचा त्रास होतो, गड्डे उकरून खातात, त्याला काटेरी कुंपणाशिवाय मला तरी दुसरा उपाय माहीत नाही.

आणि मग तो श्रावण. विहिरीजवळच्या बेटात आधी काठीचं शेवटचं पान उलगडलं, त्यातून हिरवा, खवल्याखवल्यांचा तुरा वर आला. त्या प्रत्येक हिरव्या खवल्याच्या आत दोन ते सहा कळ्या असतात, त्या एकदम फुलत नाहीत, एकामागून एक, त्यामुळे एक तुरा पुष्कळ दिवस फुलत राहतो. दुपारी कळी टोकदार पांढरी दिसते, पाच-साडेपाचला सैल व्हायला लागते आणि दिवे लागायच्या वेळेला पूर्ण उघडते. वास तेव्हाच सगळ्यात जास्त, कारण तो वास आपल्यासाठी नसून रात्री फिरणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी आहे, फुलाची नळीच इतकी लांब असते की मध त्यांनाच पोचतो. मी टॉर्च न लावता उभी राहिले तेव्हा ते पतंग फुलासमोर पंख फडफडवत हवेत थांबलेले दिसले. सासूबाई बाहेर आल्या, काही बोलल्या नाहीत, ओंजळभर कळ्या काढून केळीच्या पानात घालून घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवावर बघते तर सगळी सोनटक्क्याची फुलं. मला त्या दिवशी फार भरून आलं, खरंच सांगते.

फुलं काढायचं पण सांगते. उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मलूल होतं. म्हणून चारच्या सुमाराला फुगलेल्या कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात ठेवायच्या, संध्याकाळी त्या उमलतात. सकाळच्या पूजेसाठी हव्या असतील तर दिवेलागणीला खुडून फ्रिजबाहेरच ओल्या फडक्यात. पूर्ण तुरा कापू नका, पुढच्या सगळ्या कळ्या वाया जातात.

तिन्ही जागांत फरक स्पष्ट पडला. विहिरीजवळचं सगळ्यात पुढे, जाड काठी आणि जवळजवळ प्रत्येक काठीला तुरा. पोफळींखालचं त्याच्या मागे, काठ्या उंच, तुरे थोडे कमी आणि दोन आठवडे उशिरा, पण गणपतीनंतर ते फुलतं त्यामुळे हंगाम लांबतो, मला ते आवडतं. गडग्याजवळच्याची पानं खाऱ्या वाऱ्याने टोकापासून करपली, उंची निम्मी, तुरे आखूड. फूल आलं, पण पावसाळी वाऱ्यात एक दिवस सुद्धा टिकेना. समुद्राच्या एवढ्या जवळ आडोशाशिवाय लावू नये.

कुंडीत लावणाऱ्यांसाठी एवढंच, खोल कुंडी नको, रुंद टब घ्या, दर दोन वर्षांनी निम्मे गड्डे काढा आणि खाली पाण्याची ताटली पावसाळा सोडून ठेवा.

बेट फोडल्यावर गड्डे उरतातच, ते वाटा. पण पऱ्यात किंवा वहाळात फेकू नका. हे झाड क्युबाचं राष्ट्रीय फूल आहे, तिथे लोक जीव लावतात त्याला, पण ब्राझील आणि हवाईमध्ये बागेतून सुटून ओढ्यांच्या काठाने असं पसरलंय की तिथली मूळची झाडं दाबली गेली. आपल्याकडे पऱ्याच्या काठाला आधीच काय काय उगवतंय. डोळे नसलेले जुने गड्डे मी उन्हात कडकडीत सुकवून शेणखताच्या खड्ड्यात घातले, त्यातून काही उठलं नाही.

यंदाच्या रोहिणीत गडग्याजवळचं बेट काढून गोठ्याच्या भिंतीच्या आतल्या अंगाला आणायचंय, तिथे पूर्वेचं ऊन आहे आणि वारा अडतो. विहिरीजवळच्याला अजून हात लावणार नाही, त्याच्या मधल्या काठ्या अजून अंगठ्याएवढ्या जाड आहेत, त्या बारीक व्हायला लागल्या आणि तुरे कडेला सरकले की मग त्याची पाळी. सासूबाईंना आता पिवळा सोनटक्का हवाय, आंजर्ल्याला त्यांच्या भावाच्या घरामागे आहे म्हणतात, तर मेच्या शेवटी तिकडे जाऊन दोन-तीन डोळ्यांचे गड्डे आणायचे आणि पाटाच्या दुसऱ्या बाजूला लावायचे असं ठरलंय.